‘इतर’ रकान्यातली म्हैस

एखादं राष्ट्र किती पुढारलेलं आहे हे ते किती धूर सोडतं यावरून कळतं. पण ते किती सुसंस्कृत आहे हे त्या धुराची मोजदाद करायला किती माणसं नेमली आहेत यावरून ठरतं. या दुसऱ्या कसोटीवर आपला देश कुठेच कमी नव्हता. फक्त मोजदाद तेवढी व्हायची राहिली होती.

१९८४ च्या सुमारास काही थंड देशांनी असा शोध लावला, की माणसं, कारखाने आणि जनावरं हवेत जे वायू सोडतात त्यांची आभाळाला गोधडी होते आणि खाली पृथ्वी उकडते. नागपूरकरांना हे पटवायला वेळ लागला नाही. मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर गेला की ते दरवर्षी कोणाला तरी दोष द्यायच्या तयारीतच असतात. थंड देशांनी पुढे असंही सुचवलं, की गरीब देशांनी आपापला वायू आपापल्या हातानं मोजावा, आणि ज्यांना मोजता येत नाही त्यांच्या अंगी ती क्षमता बाणवावी. त्यासाठी नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या बराकीत ‘राष्ट्रीय वायुगणना क्षमता उभारणी कक्ष, नागपूर शाखा’ उघडण्यात आला. (पाटी एका दारावर मावली नाही, म्हणून दोन दारांवर लावली. त्यामुळे पुष्कळ लोक ‘राष्ट्रीय वायुगणना’ शोधत यायचे आणि ‘नागपूर शाखे’समोर उभे राहून परत जायचे.)

पहिल्या दोन वर्षांत क्षमता चारशे टक्क्यांनी वाढली. म्हणजे सुरुवातीला एक प्रशिक्षित माणूस होता, नंतर पाच झाले. या पाचांपैकी दोघांची मत्स्यविभागात बदली झाली, एक जण निवडणुकीच्या कामावर गेला तो आलाच नाही आणि चौथ्याचे टॉन्सिल्स काढायचे होते. उरली सगळी राष्ट्रीय क्षमता शालिकराम गजभिये या नावाच्या एका हंगामी गणकात साठली होती.

शालिकराम नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत राहायचा. अडतीस वर्षांचा, सडपातळ, सायकलवर फिरणारा, सरकारच्या या ना त्या खात्यात अकरा वर्षं हंगामी. छप्पन्न साली त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्या दिवशी घरी परतताना वडिलांनी त्याला बजावलं होतं, “पोरा, आजपासून जे सोता तपासलं नाही ते खरं मानाचं नाही.” सरकारी नोकरीत हा उपदेश किती अडचणीचा ठरेल याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

कक्षाचे प्रमुख उपसंचालक आनंदराव पिंपळशेंडे होते. मनुष्य देशप्रेमी. आपला देश कुठल्याही आकड्यात मागे राहिलेला त्यांना खपत नसे, मग तो आकडा कसलाही असो. वायू मोजायचं परदेशी यंत्र आलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं, की हे थंड खोलीतच ठेवावं. कार्यालयात थंड खोली एकच होती, साहेबांची. तेव्हा यंत्र तिथेच बसवलं. दोन वर्षं त्यानं त्या एकाच खोलीतली हवा मोजली आणि ती अत्यंत समाधानकारक आढळली.

अहवाल पाठवायची तारीख जवळ आली तेव्हा माहिती गोळा करायला सुरुवात झाली. कारखान्यांना पत्रं गेली. त्यांनी उलटटपाली कळवलं, की आमच्या धुरांड्यातून निघते ती वाफ आहे. बसगाड्यांसाठी प्रपत्रात रकाना नव्हता. चुली मोजायला माणसं घरोघर गेली, पण कार्यालयीन वेळेत, म्हणजे दुपारी बारा ते चार. त्या वेळी एकही चूल पेटलेली सापडली नाही. त्यामुळे नागपूर शहर कच्चं अन्न खातं अशी नोंद झाली. (ती पुढे एका परदेशी मासिकात कौतुकानं छापून आली.)

राहिल्या म्हशी.

म्हैस रवंथ करता करता ढेकर देते आणि त्या ढेकरात गोधडीचा वायू असतो. किती असतो, हे थंड देशांतून आलेल्या मार्गदर्शक पुस्तकात छापलेलं होतं: दर म्हशीमागे वर्षाला एक्कावन्न किलो. शालिकरामनं फक्त म्हशींच्या संख्येला एक्कावन्ननं गुणायचं होतं. पण पुस्तकातल्या चित्रात म्हैस नव्हतीच. हिरव्या कुरणात एक गलेलठ्ठ पांढरी गाय उभी होती. शालिकराम त्या चित्राकडे बराच वेळ बघत बसला. मग उठला आणि सायकल काढली.

गांधीबागेच्या कापडबाजारात त्यानं रेनकोटचं कापड मागितलं. दुकानदारानं विचारलं, “माप क्या है?”

“घेर बत्तीस इंच. नाकासाठी.”

दुकानदाराची कैची थांबली. शालिकराम म्हणाला, “सरकारी काम है.” दुकानदारानं मान डोलावली आणि कापड फाडलं. या तीन शब्दांनंतर नागपुरात कोणी पुढचं विचारत नाही. कापड, सायकलची ट्यूब आणि फुटबॉलचा ब्लॅडर यांपासून शालिकरामनं एक मुखवटा बनवला. म्हैस त्यातून श्वास घेऊ शकत होती, पण तिचा ढेकर मात्र ब्लॅडरमध्ये जमा व्हायचा.

सक्करदऱ्याच्या तलावामागे गोपिकाबाईचा गोठा होता. नऊ म्हशी, त्यांत इमरती नावाची सर्वांत शांत. गोपिकाबाई पन्नाशीची, विधवा, आवाज असा की गल्लीच्या टोकाचं गिऱ्हाईक भांडं घेऊन बाहेर यावं. तिनं शालिकरामला इमरतीच्या तोंडाला पिशवी बांधताना पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

“काय करून राहिला गा भाऊ?”

“मावशी, म्हैस ढेकर देते नं, ते मोजून राहिलो.”

“काहून? सरकारले त्रास होऊन राहिला का?”

“आभाळाले होते म्हणते.”

गोपिकाबाईनं आभाळाकडे पाहिलं. तिथे एक घार होती. “दुधात पाणी हाय का म्हणून इचाराले आजवर कोणी आलं नाही,” ती म्हणाली, “अन् ढेकर मोजाले माणूस धाडला. मोज बापा. पण तिले गुदगुल्या नको करू, दूध चोरून ठेवते ते.”

एकवीस दिवस शालिकराम पहाटे पाचला गोठ्यात हजर व्हायचा. इमरती कुटार, म्हणजे वाळका भुसा, खायची, सरकीची ढेप खायची, मग डोळे मिटून रवंथ करायची. शालिकराम समोर स्टुलावर वही घेऊन बसायचा. ढेकर आला की तो वेळ लिहायचा, ब्लॅडर काढायचा, नवा लावायचा. आठव्या दिवसापासून इमरती त्याची सायकल दिसली की आपणहून तोंड पुढे करू लागली. एवढ्या आदरानं आजवर कार्यालयातही कोणी त्याची वाट पाहिली नव्हती. भरलेले ब्लॅडर तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या डेमॉन्स्ट्रेटरकडे तपासायला न्यायचा. वाटेत लोक विचारायचे, “मॅच कुठं हाय गा?”

याच दिवसांत शहरावर एक परिपत्रक येऊन आदळलं. कुठल्याशा समितीनं ठरवलं होतं, की ज्या म्हशी वर्षाला चाळीस किलोंहून अधिक वायू सोडतात त्यांचे गोठे शहराबाहेर अकरा किलोमीटरवर न्यावेत. गोपिकाबाईनं ते शालिकरामकडून दोनदा वाचून घेतलं.

“अकरा किलोमीटरवरून दूध आणाले सूर्य डोक्यावर येते,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “फाटलेलं दूध कोण घेते गा? तुह्या पुस्तकात कितीक लिहिलं हाय?”

“एक्कावन्न.”

“अन् खरं कितीक हाय?”

“ते मोजून झाल्यावर सांगतो, मावशी.”

बाविसाव्या दिवशी हिशेब पुरा झाला. शालिकरामनं तो तीनदा तपासला. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खरा आकडा फारच कमी निघाला, चाळिसाच्याही कितीतरी खाली. तो सायकल दामटत सक्करदऱ्याला गेला आणि गोपिकाबाईच्या कानात आकडा सांगितला. तिनं इमरतीच्या पाठीवर थाप मारली आणि शालिकरामला शेरभर दूध पाजलं. तो कार्यालयात पोचला तेव्हा त्याच्या मिशीला साय होती.

आनंदरावांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

“गजभिये, म्हणजे म्हशीच्या बाबतीतही आपण मागेच?”

“साहेब, कमी असणं चांगलं आहे.”

“कमी असणं कधीच चांगलं नसतं,” आनंदराव म्हणाले. “वायूच कमी निघाला तर मोजायला माणसं कशाला हवीत? पुढच्या टप्प्यात आपल्याला जीप मिळणार आहे. ती काय सायकलच्या ट्यूबवर मिळेल?”

दुसऱ्याच दिवशी शालिकरामला ज्ञापन मिळालं. त्यात तीन बाबींचा खुलासा चोवीस तासांत मागितला होता: (१) सदर म्हशीने प्रमाणित वायूपेक्षा कमी वायू सोडण्याचे कारण काय? (२) मोजणीच्या वेळी म्हैस कर्तव्यावर होती काय? (३) तिला मोजणीची पूर्वसूचना कोणी दिली? शालिकरामनं नम्रपणे लिहिलं, की म्हैस कुटार खाते, पुस्तकातली गाय कुरण खाते. म्हैस पूर्ण वेळ कर्तव्यावर होती. आणि पूर्वसूचनेबाबत म्हशीकडे समक्ष विचारणा केली असता तिने ढेकर दिला, तो नोंदवला आहे.

मग साहेबांनी त्याला आत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकावर एक्कावन्न किलोचा तक्ता, खाली मोजणाऱ्याच्या सहीची जागा कोरी. दुसरा त्याला कायम करण्याचा आदेश.

“पहिल्यावर सही केली, की दुसऱ्यावर मी करतो,” आनंदराव प्रेमानं म्हणाले. “घरी विचारून ये.”

संध्याकाळी जेवताना शालिकरामनं बायकोला, प्रेमिलाला, सगळं सांगितलं. अकरा वर्षं ती हा आदेश येण्याची वाट पाहत होती. सही करा, असं ती म्हणाली नाही. करू नका, असंही नाही. भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाली, “त्या बाईच्या म्हशी कुठं जातीन मंग?”

शालिकरामनं ती भाकरी संपवली आणि वही काढून हिशेब चौथ्यांदा तपासला. सकाळी त्यानं दोन्ही कागद सहीविनाच परत केले. याचं त्यालाच नवल वाटलं.

एवढ्यात अहवाल तपासायला परदेशी तज्ज्ञ येऊन ठेपला. उंच, लालबुंद, टोपीखाली घामानं निथळणारा. मोजणाऱ्याची सही नसलेला तक्ता पाहून त्यानं म्हैसच बघायला मागितली. दोन तासांत सक्करदऱ्याचा रस्ता झाडला गेला, गोठ्याला तोरण लागलं, शिंगांना गेरू फासला गेला आणि इमरतीच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो तिनं स्वागताचं भाषण चालू असतानाच खाऊन टाकला. तज्ज्ञानं स्वतः मुखवटा बांधला, स्वतः मोजलं, डेमॉन्स्ट्रेटरकडून तपासून घेतलं. आकडा शालिकरामचाच आला.

शालिकरामच्या छातीत असं काही भरून आलं, की त्याला ब्लॅडरची आठवण झाली.

पण विज्ञान इतक्या सहजासहजी हार मानत नाही. दुपारी विश्रामगृहात बैठक बसली. सदस्य चौदा, चहाचे कप त्रेचाळीस, वेळ अडीच तास. तज्ज्ञ म्हणाला, पुस्तकातला आकडा चार देशांच्या समितीनं मंजूर केलेला आहे, तो चुकणं शक्य नाही. मोजणी त्यानं स्वतः केली होती, तीही चुकणं शक्य नाही. राहता राहिली म्हैस. तेव्हा एकमतानं ठराव झाला: ‘सदर जनावर म्हैस या संज्ञेच्या राष्ट्रीय व्याख्येत बसत नसल्याने त्याची नोंद यापुढे ‘इतर’ या रकान्यात घ्यावी.’

शालिकराम ठरावाची प्रत घेऊन गोठ्यात गेला.

“म्हणजे हे म्हैस नोहे?” गोपिकाबाईनं विचारलं.

“कागदावर नाही, मावशी. अन् परिपत्रक फक्त म्हशीले लागू हाय. इतरले कोणी हलवू शकत नाही.”

गोपिकाबाई पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. “आता गिऱ्हाइकाले काय सांगू वं माय? दूध कोणाचं हाय?”

बातमी गोठ्यागोठ्यांत पसरली. दुसऱ्या आठवड्यात कक्षासमोर गवळ्यांची रांग लागली. प्रत्येकाला आपली म्हैस मोजून हवी होती. शालिकरामनं सगळ्या मोजल्या. सगळ्या इतर निघाल्या. सहा महिन्यांत नागपूर शहरात कागदोपत्री एकही म्हैस उरली नाही, आणि म्हशींपासून निघणारा वायू शंभर टक्क्यांनी घटला. अशी कामगिरी जगात कोणी केली नव्हती. आनंदरावांना दिल्लीला बढती मिळाली, जीपही मिळाली. शालिकरामचं काम संपल्यामुळे त्याला कायम करायचं कारण उरलं नाही. पण इतर जनावरं मोजणारा देशात तोच एकटा असल्यामुळे त्याला काढताही येईना. तो हंगामी राहिला. सक्करदऱ्याला मात्र त्याला कोणी हंगामी समजत नसे, आणि प्रेमिलाच्या चहाला दूध कधी कमी पडलं नाही.

शालिकरामनं मोजलेला आकडा परिशिष्ट सातमध्ये जोडलेला आहे. तो गुप्त नाही. कोणाही नागरिकानं विचारला तर ताबडतोब सांगावा, असा शेरा त्यानं स्वतःच्या हातानं फायलीवर लिहून ठेवला आणि शेजारी विचारणाऱ्यांच्या नावांसाठी एक कोरी वहीही ठेवली. सुज्ञ वाचकानं इथवर येताना म्हशी किती, चहाचे कप किती, ब्लॅडर कसला, हे सगळं चवीनं वाचलं. हसूही आलं असेल, कारण सरकारी माणसं कशी असतात हे आपल्याला ठाऊकच असतं. विचारणाऱ्यांच्या वहीतली आजपर्यंतची नोंद, आपल्यासह: निरंक.