परेडचं खळं

गोरक्षाने सासऱ्याचे बूट घालायला हो म्हटलं, तिथूनच सगळं बिघडलं.

त्याची बायको साळू तीन महिने भिंगारला माहेरी अडकली होती. लढाई संपल्यावर पेन्शनीत निघालेले तिचे वडील, भिमाजी हवालदार, म्हणत, "जावयात काडीची शिस्त न्हाई. ती दिसल्याबिगर पोरगी धाडायचा न्हाई." इकडे आपल्या गावी राळेगणला गोरक्ष स्वतः थापलेल्या भाकरी खात होता. (कुत्रंही त्या नुसत्या हुंगून जाई.) शेवटी हवालदारांनी निरोप धाडला, "नगरच्या क्यांपात परेड हाय. बघायला या. आमीबी तुमाला बघू."

नगर ही कधीकाळची राजधानी. तिथलं परेडचं मैदान म्हणजे हवालदारांची काशी. गोरक्ष भिंगारला पोचताच, "वहाणा घालून तिथं यायचं न्हाई," म्हणत त्यांनी आपले पॉलिश केलेले बूट जावयापुढे ठेवले. ते दोन बोटं मोठे होते.

निघताना साळू दाराआडून कुजबुजली, "आबा करतील तसं करा. आपलं डोकं चालवू नका."

"आन् आबा जवळ नसले तर?"

"तर अजिबातच चालवू नका."

मैदानावर पोचताच गोरक्षाला तहान लागली. तो पाणी प्यायला गेला आणि गर्दीतून बाहेर पडला तो नेमका पलीकडच्या अंगाला. समोर दूर लिंबाखाली पेन्शनरांत हवालदार उभे होते. त्यांनी हात गरगर फिरवला. म्हणजे, कडेने वळसा घालून या. गोरक्षाला वाटलं, पळत या म्हणतात.

त्याने मैदानाकडे पाहिलं. पाणी शिंपडून, रूळ फिरवून चोपलेली गुळगुळीत जमीन. एक खडा नाही. थेट सुगीतलं खळं! आणि खळ्यात पायताण घालून कुणी जातं का? आजाने पाठीत रट्टा घातला असता. त्याने चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर बूट जोडीने काढून ठेवले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी पळत सुटला.

तो लिंबाखाली पोचला आणि बँड सुरू झाला.

"पायातलं कुठं हाय?" हवालदारांनी विचारलं.

गोरक्षाने पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवलं.

पलटण त्या रेघेवरूनच येत होती. पहिल्या जवानाने बूट ओलांडले. दुसऱ्याने ओलांडले. तिसरा अडखळला, चौथा त्याच्या पाठीवर आदळला आणि अख्खी रांग गाडीच्या डब्यांसारखी एकमेकांत घुसली. बँड थांबला.

"किसका जूता है?" सलामी घ्यायला उभा असलेला साहेब गरजला.

हवालदार आभाळाकडे बघू लागले. गोरक्षाच्या डोळ्यांपुढे जन्मभराच्या करपलेल्या भाकरी आल्या. गप्प राहावं? पण बूट सासऱ्याचे होते. तो धावत गेला, बूट छातीशी धरले, आणि तेवढ्यात पलटण पुन्हा निघाली. एका अंगाला गर्दी, दुसऱ्या अंगाला साहेब; बाहेर पडायला वाट नाही. मग तोही निघाला, रांगेच्या शेवटी, अनवाणी, बूट काखेत मारून. साहेबापुढून जाताना सगळ्यांनी माना वळवल्या. त्यानेही वळवली. आबा करतील तसं करायचं होतं, पण आबांनी तोंड झाकून घेतलं होतं.

परेड संपताच हवालदार जावयाला घेऊन भिंगारला परतले. दारातूनच त्यांनी हाक मारली, "साळे, बोचकं बांध. आजच्या आज सासरी जा."

गोरक्षाचा कानांवर विश्वास बसेना. "म्हंजी... आबा, शिस्त दिसली?"

"शिस्त?" हवालदार म्हणाले. "अवो, तुमाला एकटं सोडणं बरं न्हवं, हे दिसलं! पोरगी घेऊन जा."

गोरक्ष आनंदाने वळला.

"थांबा!" हवालदारांनी त्याच्या काखेकडे हात केला. "बूट ठिऊन जा."