रुसलीस कं, बाय?

पूर्णा गावातला आमचा शेजारी दामूतात्या भेटल्यावर रामराम करत नाही. तुमच्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "रुसलास कं?" शेतावर गोडाऊनं उभी राहिली, भाडं येतं, हाताला काम नाही, मग हा उद्योग. लग्नातला जावई असो, गोडाऊनचा वॉचमन असो, नाहीतर पाणी आलं नाही म्हणून तोंड पाडून उभा असलेला मी, समजूत तात्याच काढणार. खिशात चिंचेच्या गोळ्या तयार. "घे, सोड आता राग!" राग नसला तरी गोळी खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

अशा माणसाच्या घरात चार वर्षांच्या नातीचे, चिऊचे, ओठ सुजले. रुसलेल्या पोराला आपण 'ओठ फुगवून बसलंय' म्हणतोच. तात्याने तेच धरलं. मग काय विचारता! डोक्यावर टोपलं घालून नाचला, अंगणात घोडा झाला. गल्ली हसून बेजार. चिऊही हसायची, पण ओठ काही उतरेनात. सून म्हणायची, "बाबा, तिच्या पोटात दुखतंय, जेवत नाय." "रुसलेला पोर जेवल कं?" म्हणत तात्या आणखी एक गोळी द्यायचा. चिंच सुजल्या ओठांना झोंबायची, ती रडायची, तात्याला वाटायचं रुसवा वाढला.

शौचातून रक्त गेलं तेव्हा ठाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आजार आतड्यांचा आहे, ओठांची सूज त्याचीच.

"बरा कवा होनार?" तात्याने विचारलं.

"औषधांनी दबून राहील. पण पुन्हा उलटू शकतो."

उलटला. औषधं बदलली, पुन्हा उलटला. चिऊची पार काटकी झाली. एवढ्याशा पोरीच्या नशिबी हे कसले भोग, देवा! मला तर त्या घराची पायरी चढवत नाही.

तात्याने गोळ्या खाडीत फेकल्या. तोंडातलं 'रुसलीस कं?' मात्र सुटलं नाही.

काल मन घट्ट करून गेलो, तर चिऊचे ओठ पुन्हा टम्म. सून औषध काढत होती. तात्या नातीसमोर जमिनीवर बसला होता, हात जोडून.

"रुसलीस कं, बाय? रुसलीसच ना? सांग ना गो."

ती रुसली नव्हती, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. चिऊने पोट दाबून धरलं होतं. तिने आजाकडे बघितलं.

"हो, रुसलेय," ती म्हणाली. "तू नाच."

तात्या टोपलं आणायला उठला.