दत्तोपंतांचे ‘याच दिवशी’

माणूस चंद्रावर उतरला ही घटना आणि आमच्या शाहबेन पहिल्यांदा एकट्या स्कूटर चालवत भाजीबाजारापर्यंत गेल्या ही घटना, या दोन्ही दत्तोपंत एकाच फळ्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहितात.

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत प्रवेशद्वाराशी फळा आहे. उपविधींप्रमाणे त्यावर केवळ समितीच्या सूचना असाव्यात. रेल्वेतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले आणि घरी एकटेच असणारे दत्तोपंत मात्र रोज सकाळी साडेसहाला इस्त्रीचा शर्ट घालून तेथे उभे राहतात, ओल्या फडक्याने फळा पुसतात आणि ‘याच दिवशी’ असे शीर्षक घालतात. सोळा एप्रिलला त्यांनी लिहिले: ‘याच दिवशी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदराहून ठाण्याला गेली. याच दिवशी बी-विंगची लिफ्ट सेक्रेटरी हसमुखभाईंना घेऊन कुठेच गेली नाही.’

या अतिक्रमणाविरुद्ध मी समितीला चौदा पत्रे दिली आहेत, चौदाही पोचेसह. चंद्रावरील अवतरण त्यांनी वीस जुलैला लिहिले, तेव्हा भारतीय प्रमाणवेळेनुसार ते एकवीस जुलैला झाले, हे मी लेखी निदर्शनास आणले. दत्तोपंत जिन्यात भेटले.

“वकीलसाहेब, उतरला तो चंद्रावर. तिथे आपलं घड्याळ कशाला लावता?”

मी वकील नाही. सरकारी विधी विभागातून निवृत्त झालो आहे. हेही मी सर्वांना लेखी कळवले आहे. हसमुखभाई ते वाचून आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले, “जवा दो ने, वकीलसाहेब! वाचायला मजा पडते.”

कोणत्या दिवशी काहीच घडले नसेल तर काय लिहाल, असे मी एकदा दत्तोपंतांना खोचकपणे विचारले. “रिकामा दिवस देवाने बनवलाच नाही,” ते म्हणाले. हे त्यांचे पालुपद आहे. खात्री पटावी म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिहिले: ‘याच दिवशी बी-३०४ यांनी समितीला पहिले तक्रारपत्र दिले.’ बी-३०४ म्हणजे मी. तारीख अचूक होती, त्यामुळे मला काहीच करता आले नाही.

यंदाच्या एक जूनला मात्र मर्यादा ओलांडली गेली. फळ्यावर मजकूर होता: ‘याच दिवशी आपल्या सोसायटीतील दहा ज्येष्ठ नागरिक शाळामास्तरांच्या कृपेने जन्मले.’ खाली दहा नावे होती, त्यांत चौथे माझे. पूर्वी आईबापांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली, की मास्तर शाळेच्या दाखल्यावर सरसकट एक जून ठोकून देत, हे सर्वज्ञात आहे. परंतु माझा जन्म खरोखरच एक जूनला झाला! मी पंधरावे पत्र लिहिले, नगरपालिकेच्या जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत जोडली आणि फळा कायमचा काढून टाकण्याची मागणी केली.

रविवारी समितीपुढे सुनावणी झाली. हसमुखभाईंनी दाखला दत्तोपंतांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि तो कागद इतका वेळ वाचला, की सर्वांचा चहा संपला.

“वारसुद्धा लिहिलाय,” ते म्हणाले. “मी चुकलो, साहेब. फळा काढायचा तर काढा. फक्त हे वर्ष पुरं होऊ द्या.”

“वर्षच का?” मी विचारले.

“माझीही एक जून मास्तरांचीच. आई सांगायची, तू झालास त्या दिवशी रेडिओवर काहीतरी मोठी बातमी होती. सगळी आळी ऐकायला पळाली. सुईणसुद्धा मला तसाच ठेवून बातमी ऐकून आली. बातमी कुठली, ते मात्र आईला शेवटपर्यंत आठवलं नाही. म्हणून एकेक दिवस तपासत असतो.”

हसमुखभाई माझ्याकडे पाहू लागले. मी सुनावणी तहकूब करण्याची विनंती केली. तक्रार मागे घेतलेली नाही, हे येथे स्पष्ट करतो.

दत्तोपंत जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या आळीत जन्मले, एवढे त्यांना ठाऊक होते. त्याच दुपारी मी जन्मनोंदींच्या कार्यालयास अर्ज लिहिला आणि शाळेच्या दाखल्यावरील वर्षाच्या आगेमागे पाच वर्षांच्या नोंदवह्या तपासण्याची विनंती केली. महिन्याभराने एका ओळीचे उत्तर आले: नोंद आढळून येत नाही. त्याविरुद्ध मी कडक शब्दांत अपील केले आणि मूळ उत्तर घेऊन दत्तोपंतांकडे गेलो. त्यांनी ते वाचून नीट घडी घातली.

“आणि समजा अपिलात तारीख सापडली,” मी विचारले, “तर काय करणार?”

“काही नाही हो. त्या दिवशी सकाळी मी जरा उशिरा उठेन. आपलं नाव आपणच फळ्यावर लिहिणं बरं दिसत नाही.” मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “तुमचं अक्षर चांगलं आहे.”