कार्दोझच्या बाजूने कौल

धोंडू परबांना हेवीवेट बॉक्सिंगमधलं सगळं कळतं, हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे साऱ्या गावाला ठाऊक आहे. एसटीत ड्रायव्हर होते तोवर चालकाशी कोणी बोलायचं नाही असा नियम होता. निवृत्त झाल्यावर ती सगळी कसर ते बाबलीच्या चहाच्या टपरीवर भरून काढू लागले. ऐकायला डॉमिंगो फर्नांडिस होता. पहाटे भट्टी उरकून, गावभर पाव वाटून डॉमिंगो टपरीवर यायचा आणि मग दोघं एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून बॉक्सिंग बघायचे.

त्या दिवसांत वाद एकच होता. इंग्लंडचा ब्रॉडी हॅमंड आणि ब्राझीलचा फेलिक्स कार्दोझ यांची पहिली लढत कार्दोझने गुणांवर जिंकली होती. आता दोघांची रिमॅच ठरली होती. धोंडू हॅमंडच्या बाजूचे. डॉमिंगो कार्दोझच्या, कारण त्याच्या आईचं माहेर गोव्यातल्या कार्दोझांचं, आणि जगातले सगळे कार्दोझ कुठून तरी एकमेकांचे लागतातच असं त्याचं मत होतं.

"पयल्या टायमाक पंचांनी पैसे खाल्ल्यानी," धोंडू म्हणाले. "हॅमंडाचो उजवो हात बघितलंस? येक बसलो की माणूस आडवो!"

"बसलो तर ना! कार्दोझ एका जाग्यार रवता काय?"

"पळता तो! पळणाऱ्याक बॉक्सर म्हणतत? मगे आमचो कंडक्टरय बॉक्सरच होतो."

हे डॉमिंगोला लागलं. दुसऱ्या दिवशी तो वेगळ्या बाकावर बसला. तिसऱ्या दिवशी धोंडूंनी त्याच्याकडे पाठ करून चहा घेतला. गिऱ्हाइकांनाही मग बाजू घ्याव्या लागल्या, आणि आधी कोणाला चहा द्यायचा यावरून बाबलीला शिव्या बसू लागल्या.

"येवढा आसा तर देवाक कौल लावा आणि माका मोकळो करा!" बाबली वैतागून ओरडला.

बाबली चिडून बोलला होता. पण आमच्याकडे कौल लावल्याशिवाय विहीर खणत नाहीत आणि सोयरीकही जुळवत नाहीत. देवाच्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि आधी कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचं म्हणणं ओळखायचं. दोघांनाही ते एकदम पटलं. डॉमिंगो ख्रिस्ती खरा, पण त्याच्या घरचा नारळ पिढ्यान्‌पिढ्या या देवाला जातो. धोंडूंच्या घराण्याला तर देवळात पहिला मान. सोमवारी सकाळी दोघं देवळात हजर झाले.

भाई गुरवांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"देवाक माणूस कळाक होयो. हॅमंड खंयचो?"

"इंग्लंडचो," धोंडू म्हणाले.

"इंग्लंडात खंयच्या वाडीतलो? कूळ कोणता?"

धोंडूंनी डोकं खाजवलं. कार्दोझची वाडी डॉमिंगोलाही सांगता येईना. शेवटी भाईंनीच वाट काढली.

"असा करा. हॅमंडाच्या जाग्यार धोंडू उभो रवांदे, कार्दोझाच्या जाग्यार डॉमिंगो. देव दोघांकय वळखता."

हॅमंडची पाकळी उजवीकडे लागली, कार्दोझची डावीकडे. भाईंनी डोळे मिटले, आवाज चढवला आणि सवयीने परकी नावं गाळून टाकली.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां धोंडू परब आणि डॉमिंगो फर्नांडिस, ह्येंची लढाई ठरली हा. ती राजीखुशीन होवंदे, आणि कोण जिंकतलो ता आज दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात आपापल्या कामाला आलेली सगळी माणसं एका सुरात म्हणाली. गाऱ्हाणं संपलं की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे अंगातच मुरलेलं असतं. त्या सगळ्यांत मोठा आवाज खुद्द धोंडूंचा होता.

डावी पाकळी टपकन खाली पडली. "कार्दोझ!" म्हणून डॉमिंगोने टाळी वाजवली. धोंडू "वाऱ्यान पडली" म्हणत बाहेर आले, तर पायरीवर शाळेतला पीटीचा मास्तर सिद्धेश उभा होता.

"काका, तुमची फाइट खंय आसा? मैदान मोकळा करून ठेवू?"

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. संध्याकाळी भाई गुरव स्वतः धोंडूंच्या अंगणात आले.

"भाई, ती लढाई आमची न्हय रे!" धोंडू कळवळून म्हणाले.

"माका कळता. पण देवाक काय सांगू? गाऱ्हाण्यात तुमची नावां घातली, सगळ्या गावान होकार दिलो. बोललेला करूक होया. आणि कौल डॉमिंगोक मिळालो हा, ताय ध्यानात ठेय."

भाई गेल्यावर धोंडूंच्या बायको सुभद्राकाकी म्हणाल्या, "लढा. पण चष्मो घरात ठेवून जावा."

धोंडूंची खरी अडचण मारापलीकडची होती. आपण जिंकलो तर आपल्याच देवाचा कौल खोटा पडणार, आणि तोही पहिल्या मानाच्या घरातून. हरलो तर मरेपर्यंत त्या टपरीवर डॉमिंगोचे टोमणे ऐकावे लागणार. दोन्हीकडून अब्रू जात होती आणि मधली वाट नव्हती. बिचारे आठवडाभर धड जेवले नाहीत.

रविवारी शाळेच्या मैदानात जत्रेसारखी गर्दी झाली. बाबलीने तिथेच चहाची शेगडी लावली. सिद्धेशने शाळेच्या कपाटातून विकेटकीपरचे हातमोजे आणले, पण जोडी एकच निघाली. म्हणून डावा धोंडूंना, उजवा डॉमिंगोला दिला आणि मोकळा हात पाठीमागे धरायचा असा नियम जागेवरच केला. मग त्याने शिट्टी वाजवली.

धोंडूंनी हातमोजा छातीपर्यंत उचलला असेल नसेल, तोच समोर डॉमिंगो धाडकन आडवा झाला. दोघांमध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर होतं. भाई गुरव मटकन खाली बसले, आणि सिद्धेश आकडे मोजू लागला.

धोंडू धावत जाऊन डॉमिंगोजवळ गुडघ्यावर बसले. "ऊठ रे! काय झाला तुका?"

"काय नाय," डॉमिंगो डोळे मिटून पुटपुटला. "तू जिंक. आठवडोभर तुझा त्वांड बघतंय, माका बघवना नाय."

"मेल्या, देव खोटो पडात ना!"

"देव समजान घेयत. तू घेवचंस नाय."

धोंडूंना एकदम भरून आलं. पण भरून यायला वेळ नव्हता, कारण सिद्धेश सहावर पोचला होता. त्यांनी डॉमिंगोच्या काखेत हात घालून त्याला ओढत उभा केला. पाव खाऊन खाऊन वाढलेला तो देह उचलताना त्यांची कंबर करकरली. "जिंक रे, तुझ्या पाया पडतंय, जिंक!" असं म्हणत त्यांनी डॉमिंगोचा हातमोजा स्वतःच्या हातांनी धरला, आपल्याच हनुवटीला टेकवला आणि मागे अंग टाकलं. त्यांना सावरायला डॉमिंगो पुढे झाला, तोल गेला आणि तोही त्यांच्या अंगावर पडला.

सिद्धेश गोंधळून थांबला. दोघं आडवे, मोजायचं कोणाला?

"आधी माका मोज!" खालून धोंडूंचा घुसमटलेला आवाज आला.

सिद्धेशने धोंडूंना मोजलं आणि डॉमिंगोचा हात तो बसलेला असतानाच वर केला. कौल खरा ठरला. भाईंनी डोळे पुसत नारळ फोडला.

त्या दिवसापासून धोंडूंचा भाव वधारला. त्यांनी स्वतःची हनुवटी पुढे केलेली साऱ्या गावाने पाहिली होती. 'देवासाठी हरले' असं म्हणून लोक त्यांना उठून जागा देऊ लागले. सुभद्राकाकींनी कोंबडी-वडे केले. धोंडू टपरीवर त्या पराभवाची हकिगत सांगत आणि ती रोज थोडी लांबत जाई. हॅमंड-कार्दोझची लढत पुढे ढकलल्याची बातमी मधेच येऊन गेली, पण कोणी विचारलंही नाही.

डॉमिंगोचे मात्र हाल सुरू झाले. त्याची बायको रोझा मैदानात उशिरा पोचली होती. तिला दिसलं ते एवढंच, की धोंडू खाली आणि आपला नवरा त्यांच्या छातीवर.

"लाज नाय वाटली? घरच्यासारख्या माणसाक मारलंस?" असं म्हणून तिने त्याच्याशी अबोला धरला आणि कोळंबीचं कालवण डब्यात भरून धोंडूंकडे पाठवलं. खरं काय ते सांगावं, तर स्वतः मुद्दाम पडल्याचं कबूल करावं लागणार, आणि मग कौलाचं काय? डॉमिंगो गप्प राहिला. रोझाचं ऐकून, सकाळी दारात पाव घ्यायला येणाऱ्या बायका पाव घ्यायच्या, पण त्याच्याकडे बघायच्या नाहीत. टपरीवर त्याच्या शेजारी कोणी बसेना.

पुढच्या सोमवारी सकाळी देवळाचं दार उघडताच डॉमिंगो भाई गुरवांसमोर येऊन उभा राहिला.

"भाई, परत कौल लाव. माका धोंडूवांगडा परत लढाचा आसा."

भाई चक्रावले. "कित्याक रे? तू जिंकलंस ना?"

"जिंकलंय म्हणानच तर!" डॉमिंगो म्हणाला.