खालचा आवाज

आमच्या शुक्रवार पेठेत सकाळ कोंबड्याने होत नसे. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" या प्रश्नाने होत असे. सगळी गल्ली "येतोय!" म्हणून बोंबलायची, तरी पुन्हा तोच प्रश्न. विचारणारी टेप होती आणि टेपवरचा आवाज हॅलोकाकांचा.

हॅलोकाकांचं कर्णे आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. मी समोरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, हा माझा गुन्हा.

"सर, टेपवर दुसरं टेप केलं, तर पयला आवाज खाली ऱ्हातो की न्हाय?"

"नाही राहत. यंत्र आधी जुनं पुसतं, मग नवं भरतं."

"खाली असतो की, सर! नुस्ता खरवडाय पायजे!"

मग खरवडणं सुरू झालं. टेप उलटी फिरवली, तेव्हा रडारडीसारखा आवाज ऐकून शेजारच्या अंबाक्का हातमाग थांबवून "कोण गेलं?" म्हणत धावत आल्या. बोट लावून हळू फिरवली, तर काकांच्या आवाजाचं रेडकू झालं. उन्हात वाळत घातली, तर शेळीने वीतभर खाल्ली. काका शेळीमागे दुपारभर हिंडले. नशीब, त्या टोकाला काही भरलेलं नव्हतं.

एकदा तर ते थेट माझ्या वर्गात घुसले. फळ्यावर मी लोहचुंबक काढला होता. त्याखाली आदल्या तासाची 'गोदावरी' पुसट दिसत होती.

"ह्ये काय मग?" काका गरजले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

माझं डोकंच फिरलं. तास संपल्यावर विचारलं, "अहो, एवढं आहे तरी काय त्या टेपखाली?"

काका बाकावर बसले. भाचीच्या लग्नात काकूंचा उखाणा त्यांनी टेप केला होता. घरी पाहुण्यांना ऐकवायला बसले आणि घाईत भलतंच बटण दाबलं. आवाज येईना, म्हणून स्वतःच हॅलो हॅलो करत बसले. उखाणा गेला. काकू हसून म्हणाल्या होत्या, "फुडच्या लग्नात घीन की परत." पुढचं लग्न आलं, तेव्हा काकू नव्हत्या.

"काय होता उखाणा?"

काका लाजले. "कडक भाकरी मोडते कडाकड, मारुतीरावांचं नाव घेते, थांबवा बडबड."

"हे मारुतीराव कोण?" मी विचारलं.

"मीच की, सर!"

आठ वर्षं समोरासमोर असून मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप चालू होती. काका पाठमोरे, कान यंत्राला लावून बसलेले. मी दुकानाच्या पायरीवरून हाक मारली, "ओ मारुतीराव!"

काका दचकले. पण माझ्याकडे वळले नाहीत. दोन्ही हातांनी यंत्र धरून, हाक त्यातूनच आल्यासारखे त्याच्याकडेच बघत राहिले.