दिघीचा वाचक

मोबाइलच्या पडद्यावर चौकोन पाच आणि मागणारी तोंडं सहा, भांडण सुरू झालं ते इथून. 'दैनिक दर्याकिनारा'च्या मुरूडच्या कचेरीत नव्या अ‍ॅपची बैठक चालली होती. अ‍ॅपची मांडणी करायला पनवेलहून आलेल्या सुचिताने भिंतीवर पहिलं पान दाखवलं. ताज्या बातम्या, मासळीचे भाव, भरती-ओहोटी, राशिभविष्य आणि निधनवार्ता असे पाच चौकोन तिथे ऐसपैस बसले होते. संपादक गणराज मोकल यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांचा अग्रलेख कुठेच नव्हता.

"आहे ना सर, 'इतर'मध्ये आहे," सुचिता म्हणाली. "या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या की यादी येते, त्यात सगळ्यात खाली."

"आणि निधनवार्ता वर?"

"काका, मुंबईचे चाकरमानी पहिलं तेच उघडतात," मालक केतनशेठ म्हणाले. पेपर त्यांच्या आजोबांनी काढलेला होता आणि मोकलांना ते लहानपणापासून काकाच म्हणत आले होते. "गावाला जायचं की नाही, ते त्यावर ठरतं. अग्रलेखावर काय ठरतं सांगा."

मोकलांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. शेवटी केतनशेठनीच तोड काढली. महिनाभर अ‍ॅप थोड्या लोकांना वापरायला द्यायचं, अग्रलेखही पहिल्या पानावर ठेवायचा. वाचक निघाले तर चौकोन कायम, नाहीतर 'इतर'. वाचक मोजायचं काम मशीन करणार होतं. मोकल आनंदाने हो म्हणाले आणि तिथेच फसले. छापील पेपरात झाकली मूठ सव्वा लाखाची असते. पेपर घरोघर जातो, पण कोण कुठपर्यंत वाचतो हे देवालाही ठाऊक नसतं. एसटी स्टँडवर कोणीतरी "आज चांगला हाणलात साहेब," म्हणायचं आणि त्या दिवशीचा अग्रलेख श्रद्धांजलीचा असला, तरी मोकलांचा दिवस चांगला जायचा.

सुचिताने मग 'ऐका' नावाचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की मशीन लेख मोठ्याने वाचून दाखवायचं. "डोळे धडधाकट असताना कान कशाला शिणवायचे?" असं म्हणून मोकल खिडकीबाहेर बघत बसले.

आठवड्याने आकडे आले. अग्रलेख उघडणारे बरेच होते, पण दुसऱ्या ओळीच्या आत जवळजवळ सगळ्यांनी पळ काढला होता.

"शेवटपर्यंत गेलेला एकच आहे सर," सुचिता हळू आवाजात म्हणाली. "दिघीचा. पण रोज असतो हां, दुपारी. एकही दिवस चुकलेला नाही."

मोकलांना आधी वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण रिकाम्या सभागृहात भाषण करत होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं. पण माणूस आशेवर जगतो. एक का होईना, रोज आणि शेवटपर्यंत. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या वाचकाला निवृत्त मुख्याध्यापक केलं, आरामखुर्चीत बसवलं आणि हाती लाल पेन्सिलही दिली.

आता ते त्या एकासाठीच लिहू लागले. दिघीचा म्हणून त्यांनी बंदराच्या धुळीवर असा जळजळीत अग्रलेख लिहिला की शेवटी स्वतःच घोटभर पाणी प्यायले. दिघीच्या वाचकाने तो अर्ध्यात सोडला. दुसऱ्या दिवशी विषय सुचेना, म्हणून मोकलांनी सहकारी संस्थांच्या उपविधींवर काहीतरी खरडलं. ते दिघीत पुरतं वाचलं गेलं, तेही दोनदा.

"मुख्याध्यापक नव्हे, हा विद्वान माणूस आहे," मोकलांनी जाहीर केलं. "त्याला आरडाओरडा नको, अभ्यास हवा."

मग अभ्यासाला ऊत आला. खाडीकाठच्या खाजण जमिनींच्या नोंदींचा इतिहास तीन भागांत आला, बिगरशेती आकारणीवर लेखमाला आली. प्रुफं तपासणारा धर्मा एकदा टेबलावर डोकं टेकलेला सापडला. "साहेब, लिवलाव बरोबर," तो डोळे चोळत म्हणाला, "पन दुसऱ्या परिच्छेदाच्या पलीकडं मी काय जागा राहत न्हाय."

"विषयाला खोली आहे धर्मा," मोकल म्हणाले. दिघीचा वाचक मात्र खोलीत उतरतच होता. कधी दोनदा, कधी तीनदा.

केतनशेठही विरघळले. "एकच आहे, पण काय वाचक आहे! काका, त्याला उद्घाटनाला बोलवा. स्टेजवर शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू. मग अग्रलेखाच्या चौकोनाला कोण हात लावतो ते बघू." सुचिता म्हणाली की अ‍ॅपला फक्त गाव कळतं, नाव नाही. मोकल म्हणाले, विद्वान माणूस गावात लपत नाही.

आगरदांड्याहून फेरीबोट पकडून ते दिघीला उतरले. धक्क्यावर नझीरच्या टपरीत चहा घेताना त्यांनी सहजच विचारल्यासारखं विचारलं, "इथे 'दर्याकिनारा'चं अ‍ॅप कोण वाचतं?"

"सगलेच बघतात," नझीर म्हणाला. "बांगड्याचा रेट बघायचा, भरती बघायची."

"आणि अग्रलेख?"

"तो भरतीच्या बाजूला हाय तो काय? अंगठा लागतो कधी कधी चुकून. लगेच मागं येतो आमी."

उघडणाऱ्यांचा हिशोब मोकलांना तिथेच कळला. चहा अर्धा ठेवून ते गल्लीत शिरले. दुपारची वेळ, सगळीकडे सामसूम. आणि एका घराच्या पडवीतून त्यांना स्पष्ट ऐकू आलं, "...सबब, उक्त तरतुदींचा साकल्याने विचार करता..." वाक्य त्यांचं होतं. आवाज मशीनच्या बाईचा होता.

पडवीत झोळी टांगलेली होती. एक वयस्क बाई झोळीची दोरी ओढत होत्या आणि शेजारच्या स्टुलावर मोबाइल ठेवलेला होता. मोकलांना बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मोकल पायरीवर बसले. स्वतःचा अग्रलेख अथपासून इतिपर्यंत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मध्ये त्यांनाही पेंग आली.

"नातू हाय, कैस," लेख संपल्यावर बाई कुजबुजल्या. त्यांचं नाव रहिमुन्निसा. "त्याची अम्मी, जवेरिया, शालेत शिकवते. तिनं मोबाइलमधी ह्ये घालून दिलान. गाना लावला तर टकाटक बगत बसतो. ह्ये लावला का झोपलाच. उठला तर परत लावायचा."

"आणि बंदराचा लेख?" मोकलांच्या तोंडून निघून गेलं.

"तो नको. दचकून रडाया लागला पोर, मी बंदच केला." त्यांनी झोळीत डोकावून पाहिलं. "कोन लिवतो अल्ला जाने. पन त्याला सवाब मिलेल, पुन्य लागेल. माज्या पाठीला तेवडाच आराम."

इथे मोकलांनी उठायला हवं होतं. दोरीचा हेलकावा बघायचा, पाणी मागून प्यायचं आणि पुढची बोट धरायची. पण लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात स्वतःचं नाव राहत नाही.

"भाभी, ते मीच लिहितो," ते म्हणाले.

रहिमुन्निसाबाई ताडकन उठल्या, त्यांनी ओढणी डोक्यावर सारखी केली, आतून खुर्ची आणली, सरबत आणलं. "तौबा, तौबा. येवडा इल्मवाला मानूस, आन् मी त्याच्या लिवन्यावर पोर निजवतंय."

"अहो, खुशाल निजवा. मला आनंदच आहे."

"न्हाय साहेब. म्हायत नव्हता तवर ठीक. आता तुमचा चेहरा बगितला, आता बेअदबी होयेल."

"मी सांगतोय ना, लावा. उद्यापासून आणखी सावकाश लिहीन." मोकल अक्षरशः हात जोडत होते. "आणि आमच्या कार्यक्रमाला या. तुमचा सत्कार करायचाय."

"आन् तितं काय सांगू? पोर निजतो म्हनून?"

सरबत पिऊन मोकल निघाले.

बोटीत त्यांना वाईट वाटत होतं, पण लेखाची अंगाई झाली याचं नाही. लोकांना जागं करायला म्हणून त्यांनी उभं आयुष्य लिहिलं आणि एकही जागा झाला नव्हता. पण एक पोर रोज निवांत झोपत होतं आणि एका म्हाताऱ्या पाठीला आराम मिळत होता. आपल्या हातून एवढं चांगलं होत होतं आणि आपण कौतुक ऐकायच्या हौसेपायी तेही घालवलं, ही टोचणी त्यांना दिघीपासून मुरूडपर्यंत पुरली.

पुढच्या दिवशी अग्रलेख शेवटपर्यंत गेलेले शून्य. त्याच्या पुढच्या दिवशीही शून्य. उद्घाटन शाल-श्रीफळाविना झालं आणि अग्रलेख मुकाट्याने 'इतर'मध्ये गेला. सुचिता आकड्यांवरून बोट फिरवत होती.

"गंमत बघा सर, दिघीत आता कोणीतरी भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचतं. रोज दुपारी, शेवटपर्यंत." तिने मान वर केली. "पण आपला तो वाचक असा एकदम गेला कुठे? तुम्ही गेला होतात ना दिघीला? भेटला नाही का?"

"भेटला ना," मोकल म्हणाले. "भेटलो नसतो, तर राहिला असता."