दहा मिनिटं पुढचा सूर्य

अप्पांनी दुर्बीण एकट्याने लावायची ठरवली, आणि तिथेच सगळं बिनसलं. लेकीने निवृत्तीची भेट म्हणून ती पाठवली होती आणि फोनवर बजावलंही होतं, "बाबा, कॉम्प्युटरवाली आहे. मी सुट्टीत आले की लावू." पण सुट्टीपर्यंत थांबायला सूर्य तयार नव्हता. आज सकाळी ग्रहण होतं. फार मोठं नाही, कोपरा कुरतडल्याएवढं (सूर्याला कोपरा नसतो, हे अप्पांनाही ठाऊक होतं). ते माईंना दाखवायचंच, असं त्यांनी पक्कं केलं होतं.

कारण जुनं होतं. लग्नानंतर दोघं एका खोलीत राहत. खिडकीच्या लाकडी झडपेला एक भोक होतं आणि त्यातून सकाळी समोरच्या भिंतीवर गोल कवडसा पडे. एके दिवशी ग्रहण लागलं तेव्हा अप्पा ऑफिसात होते. संध्याकाळी माई दारातच म्हणाल्या, "अहो, आज आपला कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता!" त्या इतक्या हरखून सांगत होत्या, की आपण तिथे नव्हतो याची अप्पांना रुखरुख लागली ती कायमचीच. "पुढचं ग्रहण मी तुला दाखवतो, दोघं मिळून बघू," असं त्यांनी वचन दिलं. मग कधी ढग आले, कधी ऑडिट आलं, एकदा दोन्ही एकदम आली. ती खोली सुटली, अप्पांच्या डोक्यावरचे केस गेले, वचन तेवढं शिल्लक राहिलं.

तर अप्पांनी गच्चीवर दुर्बीण मांडली. सुरक्षिततेत मात्र त्यांनी कसूर केली नाही. नळीच्या तोंडावर सूर्याचा फिल्टर बसवला, वर चिकटपट्टी मारली, हलवून पाहिला. नळीवरच्या छोट्या दुर्बिणीला झाकण लावलं आणि झाकणावर आपला लोकरीचा मोजा चढवला. मग रिमोट हातात घेतला. त्यात चंद्र होता, ग्रह होते, नाव न ऐकलेले तारे होते. सूर्य नव्हता.

त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, यात सूर्यच नाहीये!"

"मुद्दाम लपवलाय, बाबा. चुकून कोणी फिल्टरशिवाय बघू नये म्हणून. फिल्टर लावलात ना?"

"लावला. चिकटपट्टीसकट."

"आणि छोट्या दुर्बिणीचं झाकण?"

"झाकण आहे, वर मोजा आहे."

मोजा कशाला, हे विचारायचं लेकीने टाळलं. सूर्य कुठे दडवलाय ते तिने सांगितलं. रिमोटने पुन्हा पुन्हा 'नक्की ना?' असं विचारून खात्री करून घेतली. (लग्नाच्या वेळी अप्पांना एवढं कोणी विचारलं नव्हतं.) "आता वेळ टाका, अगदी बरोबर," लेक म्हणाली. "त्यावरूनच दुर्बिणीला सूर्य कुठे आहे ते कळतं."

वेळेच्या बाबतीत अप्पांना कोणी शिकवावं? ऑफिसात त्यांना 'भोंगा' म्हणत, इतके ते वेळेचे पक्के. त्याचं एक गुपित होतं. घरातलं भिंतीवरचं घड्याळ ते दहा मिनिटं पुढे ठेवत. माईंनाही हे सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर डबा दहा मिनिटं उशिरा झाला असता. मनगटातलं घड्याळ ते याच घड्याळावरून लावत आणि मनातल्या मनात दहा वजा करत. ऑफिसचं घड्याळ मागे पडतं, हे त्यांनी अनेकदा लेखी कळवलं होतं. अलीकडे मोबाइलही मागे पडू लागला, तेव्हा दुकानदाराला जाऊन सुनावून आले होते.

त्यांनी मनगटाकडे पाहिलं, दहा वजा केले, वेळ टाकली, सूर्य निवडला. दुर्बीण गुरगुरत वळली आणि थांबली. अप्पांनी डोळा लावला. आत मिट्ट काळोख होता.

परत टाकली वेळ. परत काळोख. फिल्टर साफ करावासा वाटला, पण तो काढायचा नाही एवढी अक्कल शाबूत होती. तिकडे ग्रहण निम्मं सरत आलं होतं.

माई वाळत घालायचे कपडे घेऊन वर आल्या. अप्पांचा चेहरा पाहून त्यांनी बादली खाली ठेवली. "काय झालं?"

"सापडत नाहीये. सगळं बरोबर केलंय गं."

माईंनी वर पाहिलंच नाही, जमिनीकडे पाहिलं. "अहो, नळीची सावली बघा. एका बाजूला लांबलीय. तोंड सूर्याकडे असतं तर गोल पडली असती." झडपेचा कवडसा वर्षानुवर्षं पाहिलेली बाई ती. "ही सूर्याच्या पुढे जाऊन उभी राहिलीय. अगदी तुमच्यासारखी."

"पुढे कशी जाईल? घड्याळातले दहा मी वजा केलेत!"

"कुठले दहा?"

अप्पांना गुपित फोडावं लागलं. ऐकताना माईंनी हळूच पदर तोंडाला लावला. "अगं बाई! दहा तर मीही पुढे करत होते, म्हणजे झाले वीस! लग्नानंतर तुम्ही एकदा उशिरा पोचलात, साहेबाची बोलणी खाऊन तोंड पाडून घरी आलात. मला बघवेना. तेव्हापासून तुम्ही सेल बदललात की मी स्टुलावर चढायचे."

अप्पा बादलीशेजारीच बसले. नोकरीतली सगळी वर्षं ते ऑफिसच्या कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसून शिपायाची वाट बघत आले होते आणि जग कसं आळशी झालंय याचा विचार करत होते. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

"हसू नकोस," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. कोणीतरी आपल्यासाठी गुपचूप स्टुलावर चढत होतं, हे त्यांना फार बरं वाटलं.

माई सावलीकडे बघत सांगत गेल्या, अप्पा रिमोटची बटणं दाबत गेले. सावली आखडत आखडत गोल झाली. अप्पांनी भिंगात न बघताच माईंना पुढे केलं. वचन म्हणजे वचन.

"दिसतोय?"

"दिसतोय हो! चावा घेतलेला!" माईंचा आवाज नव्या नवरीसारखा झाला. मग जरा वेळाने म्हणाल्या, "भिंतीवर मात्र याहून मोठा दिसला होता."

दुर्बिणीने आता सूर्याचा पिच्छा धरला होता. तो भिंगातून तसूभर हलत नव्हता, त्यामुळे माईही हलत नव्हत्या. अप्पा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत शहाण्यासारखे उभे राहिले. कपडे बादलीत तसेच पडले होते. अखेर माई बाजूला झाल्या. "घ्या, बघा तुम्ही."

अप्पांनी वाकून डोळा लावला. समोर अख्खा, वाटोळा, कुठेही न खाल्लेला सूर्य होता.

"अगं, ग्रहण सुटलं की!"

"सुटलं का? बसा, मी सांगते कसं होतं ते," माई कपडे पिळत म्हणाल्या. "पण काही म्हणा, मी स्टुलावर चढायला लागल्यापासून पहिल्यांदा तुम्हाला उशीर झाला."